‘क्राउड मॉनिटरिंग’ला मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर
एम.टेक.च्या प्रबंधाचा गोषवारा मराठीतही द्यायचा आहे. काम असं : कॉलेजच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून माणसं किती आणि कुठे दाटली आहेत ते मोजायचं. मोजणी शेजारच्या केबिनमधल्या छोट्या संगणकावरच होते. चित्र बाहेर जात नाही, फक्त आकडा जातो. सरांनी मथळा दिलाय ‘प्रतिमाधारित जमाव संनिरीक्षण : अंकीय संकेत प्रक्रमणाचा दृष्टिकोन’. आईला वाचून दाखवला, तर म्हणाली, ‘तुझं कॉलेज पोलिसांनी घेतलं की काय?’ अडलेले शब्द : क्राउड, मॉनिटरिंग, डेन्सिटी, नॉइज, सॅम्पल. जाणकारांनी मदत करावी.

कळवेकर
आईंना खटकलं ते ‘जमाव’मुळे. जमाव जमतो आणि पांगतो, नाहीतर पांगवला जातो. बेकायदा जमाव, संतप्त जमाव, जमावबंदी. वर्तमानपत्रातला जमाव खुशीत असल्याचं मी तरी वाचलेलं नाही. शिवाय जमाव कशासाठी तरी जमतो. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर सकाळी वाशी गाडीला जे उभे असतात, ते एकमेकांसाठी आलेले नसतात. उलट बाकीचे आले नसते तर बरं, असंच प्रत्येकाला वाटत असतं. ती गर्दी.

गर्दीचं मूळ फारसी ‘गर्द’, म्हणजे धूळ. जुन्या लिखाणात ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीस मिळवणे. आपण रोज गर्दीत मिळतो, गर्दीस मिळत नाही. विभक्तीचा तेवढाच आधार.

तिसरा डबा
पण गर्दी मोजता येते का? काल घरी सांगितलं, ‘आज गर्दी नव्हती.’ तुर्भ्यापर्यंत एका पायावर होतो. गर्दी नव्हती म्हणजे उतरताना बॅगही माझ्याबरोबर उतरली.

घणसोली
तिसरा डबा, मुद्दा तोच आहे. गर्दी अंगाला कळते, यंत्राला नाही. यंत्र नेमकं काय मोजतं ते आधी पाहू. मी याच कामात आहे, त्यामुळे जरा लांबेल.

जुनी पद्धत अशी, की रिकाम्या जागेचं चित्र वजा करायचं आणि जे उरेल त्यातून माणसं ओळखायची. चार माणसं असली तर जमतं. माणसाआड माणूस गेला की हात-पाय-छाती सगळं झाकतं, वर दिसतं ते फक्त डोकं. २०१० साली व्हिक्टर लेम्पित्स्की आणि अँड्र्यू झिसरमन या संशोधकांनी निराळी वाट काढली : माणूस वेगळा काढायच्या भानगडीतच पडू नका. प्रत्येक डोक्याच्या जागी कडा विरलेला एक डाग कल्पा, आणि त्या डागाची सगळी मिळून बेरीज १ ठेवा. पूर्ण चित्राची बेरीज म्हणजे एकूण डोकी, आणि चित्राच्या एका कोपऱ्याची बेरीज म्हणजे त्या कोपऱ्यातली. डाग चौकटीच्या काठावर कापला गेला तर तेवढाच धरला जातो, म्हणून उत्तर ४६.७ असं येतं. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ते सात दशांश कोण?

हे यंत्राला शिकवायचं तर आधी माणसाने डोकी दाखवावी लागतात. २०१६ साली शांघायटेक नावाचा चित्रसंच आला. त्यात १,१९८ चित्रं आणि ३,३०,१६५ डोकी, प्रत्येक डोक्यावर हाताने दिलेलं एक टिंब. याला आपल्याकडे तयार शब्द आहे : शिरगणती. जनगणनेला पूर्वी तो वापरत, आणि खानेसुमारीही. पण खानेसुमारीतला ‘खाना’ म्हणजे घर. इथे घरं नाहीत, अक्षरशः शिरंच आहेत. इंग्रजीतल्या ‘क्राउड काउंटिंग’पेक्षा हा जास्त नेमका बसतो, असं माझं मत.

ऐरोलीकर
शिरगणती! सरांना जुनाट वाटेल, पण मला आवडला. मग डेन्सिटीला घनताच ना?

घणसोली
घनता लोखंडाची, पाण्याची. तिथे वस्तुमानाला आकारमानाने भागतात. इथे डोक्यांना जमिनीने भागायचंय. ‘दाटी’ घ्या.

कळवेकर
असहमत. भूगोलाच्या पुस्तकात ‘लोकसंख्येची घनता’ आम्ही पाठ केली आहे, तीही जमिनीनेच भागून.

घणसोली
मान्य, पण ती चौरस किलोमीटरला. त्या माणसांचा एकमेकांना धक्का लागत नाही. दाटी म्हटलं की कोपर आलं, घाम आला. गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलंय की चौरस मीटरला सुमारे ७ माणसं झाली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागायला लागते, मग कुणाला स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही. आणि आपल्या लोकलसाठी वापरली जाणारी संज्ञा आहे ‘सुपर डेन्स क्रश लोड’, उभ्यांच्या जागेत चौरस मीटरला १४ ते १६. याला मराठी सुचवा कुणीतरी.

तिसरा डबा
खच्चून.

घणसोली
घेतला. यावरून आणखी एक. ‘चेंगराचेंगरी’ मला कायम खटकतो. मारामारी, ढकलाढकलीसारखा वाटतो, जणू माणसांनी ती एकमेकांशी केली. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं गेली, तेव्हा दुसऱ्याला चेंगरायला कोण निघालं होतं? इतक्या दाटीत मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो. मधल्या माणसाने तो दिलेलाही नसतो आणि त्याला तो अडवताही येत नाही.

कळवेकर
भावना समजली, पण व्याकरण तसं नाही. पळापळ म्हणजे एकमेकांना पळवणं नव्हे. धावाधाव, पडापडही तशीच. पुष्कळांचं एकदम काहीतरी होणं, एवढाच तिथे अर्थ. ‘चेंगरणे’ आपोआपही होतं. बोट दारात चेंगरतं, कुणी मुद्दाम चेंगरत नाही. शब्द निर्दोष आहे. बातमीदार त्याच्या आधी ‘प्रवाशांच्या बेशिस्तीमुळे’ जोडतात, तिथे खोट आहे.

घणसोली
बोटाचा दाखला बिनतोड. मागे घेतो.

ऐरोलीकर
आणि मॉनिटरिंग? ‘संनिरीक्षण’ मला उच्चारताही येत नाही.

कळवेकर
पाळत नको. पाळत ठरावीक माणसावर असते आणि त्याला कळू न देता ठेवतात. तुमच्या यंत्राला चेहरा ठाऊकच नाही. टेहळणी किल्ल्यावरची, गनिमाची चाहूल घ्यायला. देखरेख जवळची आहे, पण तिच्यात जबाबदारी येते. बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्याने भिंत वाकडी झाली तर उत्तर द्यायचं असतं. तुमचा संगणक उत्तर देणार का? नसेल, तर नुसतं ‘लक्ष’.

तिसरा डबा
नवरात्रात टेंभी नाक्याला स्वयंसेवक दोरी धरून उभे असतात, तेही गर्दीकडे ‘लक्ष ठेवतात’. इतकी वर्षं शब्द पुरलाय.

ऐरोलीकर
नॉइजला सरांनी ‘रव’ दिलाय.

कळवेकर
रव म्हणजे आवाज : कलरव, नीरव. मुक्या चित्राला रव कुठून येणार? टीव्ही बिघडला की आपण काय म्हणायचो? मुंग्या आल्या. रेडिओला खरखर, चित्राला मुंग्या.

ऐरोलीकर
अगदी मुंग्याच! संध्याकाळी फाटकाचा दिवा लागायच्या आधी चित्रभर काळे-पांढरे ठिपके येतात आणि यंत्र त्यांनाही डोकी समजतं. एकदा रिकाम्या फाटकावर ११ माणसं दाखवली. वॉचमन काका म्हणाले, ‘मी तर एकटाच आहे.’ उपाय साधा निघाला : एक बिंदू आणि त्याभोवतीचे आठ, असे नऊ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि पाचवा ठेवायचा. शाळेतला मध्यक. मुंगी रांगेच्या टोकाला जाते, मध्ये सहसा येत नाही. याला ‘मध्यक गाळणी’ म्हणते आहे.

घणसोली
गाळणी उत्तम. सॅम्पलला, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या एकेका मोजमापाला, मात्र ‘नमुना’ जपून वापरा. आपल्याकडे सातबारा हाही गाव नमुनाच, सात आणि बारा. ‘सेकंदाला ८,००० नमुने’ हा टेलिफोनच्या आवाजाचा हिशेब आहे, पण वाचणाऱ्याला तलाठी कार्यालय डोळ्यांपुढे येईल.

तिसरा डबा
आमच्या डब्यातही एक नमुना आहे, पण तो सेकंदाला एकच पुरतो.

घणसोली
😄 नमुने कमी घेतले तर वेगवान कंपन संथ कंपनाचा वेष घेऊन येतं. मोबाइलच्या चित्रफितीत पंखा उलटा फिरताना दिसतो ना, ते. त्याला मी मनात ‘सोंग’ म्हणतो. गोषवाऱ्यात घालू नका, सर खोडतील.

ऐरोलीकर
सरांना दाखवून आले. मथळा ठरला : ‘फाटकावरची शिरगणती : कॅमेऱ्याच्या चित्रावरून दाटीचा अंदाज’. ‘लक्ष’ आणि ‘गाळणी’ राहिले. ‘मुंग्या’ खोडून पुन्हा ‘रव’ केलाय, पण तळटीपेत मुंग्या ठेवायला परवानगी आहे. सिग्नलसाठीचा ‘संकेत’ही राहिला. मी म्हटलं, मराठीत संकेत म्हणजे रूढी, इशारा, झालंच तर प्रेमिकांच्या भेटीची खूण. सर म्हणाले, विद्यापीठाला चालतं. सगळ्यांचे आभार.

कळवेकर
छान. फक्त ‘फाटक’ पुन्हा बघा. आम्हा कळव्याच्या लोकांना फाटक म्हटलं की खारेगावचं रेल्वे फाटक, आणि तिथली गर्दी मोजायला कॅमेरा लागत नसे. ‘प्रवेशद्वार’ करा, नाहीतर सरळ ‘गेट’.