शिकवलेली नाही, तिथलीच विद्या

कुणीकुणी म्हणतात की माकडं दगडानं फळ फोडतात ही माणसानं शिकवलेली करामत असणार. नाही हो. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानात उत्खननात कापुचिन जातीच्या लहानशा माकडांनी वापरलेले दगड सापडलेत, त्यातले सर्वांत जुने सुमारे 3000 वर्षांपूर्वीचे. तिथंच जवळपास काजूची झाडं आहेत, बी फोडायला दगड.

आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ताडवर्गातलं कठीण फळ आधी खडकाच्या खळग्यात नीट बसवायचं, सपाट बाजू खाली येईल असं. नाहीतर घाव बसताच ते उडून जातं. मग दोन पायांवर उभं राहून, शेपटीचा आधार घेऊन, किलोभराचा दगड दोन्ही हातांनी उचलून आपटायचा. माकडाचं स्वतःचं वजन तीन-चार किलो! पिल्लं मोठ्यांच्या शेजारी बसून सांडलेले तुकडे वेचतात, पोकळ कवचं आपटत बसतात. जमायला काही वर्षं जातात.

थायलंडच्या किनाऱ्यावर लांब शेपटीची माकडं ओहोटीला कालवं फोडतात, तेही दगडानंच.

आता आपल्या इंदूरच्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न: मग इथल्या पातालपाणी धबधब्याजवळची वानरं का नाही असं करत? काळतोंड्या वानराचं पोट पानं पचवायला कप्प्याकप्प्यांचं असतं. पानं ओरबाडायला दगड कशाला? बाकी, तुमच्या हातातला पोह्यांचा दोना पळवायला त्याला कुठल्याच हत्याराची गरज पडत नाही.