परदेशात नवशिक्यांना संगणक शिकवायला जायचंय, तयारी काय करू?

कोरी_पाटी

एका संस्थेतर्फे स्वयंसेवक म्हणून सहा आठवडे परदेशात जायचं जवळजवळ ठरलंय. शिकणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, संगणकाला कधी हात न लावलेले. दहा जुनी मशीन्स आहेत, इंटरनेट असलं तर असलं. मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण शिकवलं कधी कुणाला नाही. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, ईमेल असा आराखडा केलाय. आठवड्याला एक विषय पुरेल ना? त्यांची भाषा मला येत नाही, दुभाषा मिळणार आहे.

जुना_खडू

पॉवरपॉइंट आजच काढून टाका. राग मानू नका, मीही असाच आराखडा घेऊन गेलो होतो. पहिला आठवडा अख्खा माऊसमध्ये गेला.

एक बाई होत्या. बाण पडद्याच्या मध्यावर आणि माऊस टेबलाच्या कडेला पोचलेला. पुढे जागा नाही, म्हणून त्या तशाच हात धरून बसलेल्या. मला वाटलं मशीन अडकलं. माऊस उचलून परत मध्ये ठेवता येतो हे मी सांगितलंच नव्हतं! सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅपिटल अक्षर काढायला त्यांनी शिफ्ट पाचदा दाबलं, ‘स्टिकी कीज’ (बटण दाबून न धरता वापरायची सोय) चालू करू का, असं विचारणारी खिडकी टुणकन वर आली आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आपल्या हातून काहीतरी मोडलं ही भीती घालवण्यातच निम्मा वेळ जातो. म्हणून जाल तेव्हा आधी सेटिंगमध्ये स्टिकी कीजचा तो शॉर्टकट बंद करा, डबल-क्लिकचा वेग कमी करा आणि बाण मोठा करा.

माऊसवर हात बसवायला ‘जीकॉम्प्री’ (खेळांचा संच) किंवा ‘टक्स पेंट’ (चित्रं काढायचा प्रोग्राम) घ्या. आहेत लहान मुलांसाठी, पण मोठी माणसंही रंगून जातात. दोन्ही फुकट, इंटरनेटशिवाय चालतात. ‘किविक्स’ या इंटरनेटशिवाय वाचायच्या प्रोग्रामवर विकिपीडिया उतरवून न्या, त्यांच्या भाषेतला. आपल्या गावाचं पान समोर उघडलं की वर्गाचा नूर पालटतो.

आणि सर्वात कठीण काम: त्यांच्या माऊसला तुम्ही हात लावायचा नाही. मी शेवटी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो.

व्हिसावाला

थोडं रुक्ष लिहितो. पगार नसला तरी बऱ्याच देशांत स्वयंसेवा हे कामच धरतात, पर्यटक व्हिसावर चालत नाही. संस्थेकडून लेखी घ्या. ‘सगळे तसेच येतात’ या उत्तरावर विमानात बसू नका. विजेचंही बघा. लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो कुठेही चालतो, पण बाकीच्या वस्तूंचं तसं नाही.

कोरी_पाटी

आराखडा फाडला :) खडूकाका, देश फ्रेंच बोलणारा आहे. काही वेगळं?

जुना_खडू

आहे की! तिथे अझर्टी, म्हणजे फ्रेंच मांडणीचा कीबोर्ड असायची शक्यता मोठी. क्यूच्या जागी ए, एम सरकून एलच्या शेजारी आणि आकड्यांसाठी शिफ्ट दाबावं लागतं. तुमची बोटंच नवशिकी होतील, चार दिवस अडखळाल. अडखळा. मास्तर चुकतोय हे बघून वर्ग मोकळा होतो, हा माझा अनुभव. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून मांडणी बदलते म्हणून ती इंग्रजीवर नेऊन ठेवू नका. तुम्ही परत गेल्यावर त्यांना तोच कीबोर्ड वापरायचाय.

आणि दुभाष्याला नुसता दुभाषा ठेवू नका. आमचा दुभाषा पोरगा तिसऱ्या आठवड्यात माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच समजावायला लागला. मला वाटलं आगाऊपणा करतोय. मग लक्षात आलं, मी ‘फाईल’ म्हणत होतो आणि तो त्यांच्या घरातल्या कागदांच्या पेटीबद्दल बोलत होता. शेवटचे दोन आठवडे त्यालाच फळ्यापाशी उभा केला आणि मी मागच्या बाकावर बसलो.

ईमेलचं राहिलं. खातं उघडताना फोन नंबर मागतात आणि एकाच नंबरावर दहा जणांची खाती निघत नाहीत. ज्याचा त्याचा फोन आणायला आदल्या दिवशीच सांगा. पासवर्ड वहीत लिहू द्या. सुरक्षेचं व्याख्यान नंतर.

कोरी_पाटी

दुभाष्याचा नंबर संस्थेकडे मागितलाय. जायच्या आधीच बोलून घेते.