मदत हवी आहे: एकाच वर्गात नवशिके आणि घरी स्पॅनिश बोलणारे

कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिशची पहिली पातळी शिकवते. 24 जण, आठवड्यातून दोनदा 75 मिनिटं. त्यातले 7 जण घरी स्पॅनिश ऐकत-बोलत वाढलेले. बाकीच्यांचा अजून ‘मे गुस्ता’ (मला ते आवडतं) आणि ‘मे गुस्तान’ (मला ते अनेक आवडतात) यांमध्येच गोंधळ. हे सातजण भराभर बोलतात, लिहिताना मात्र अडतात. ‘एच’ मुका, ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच, म्हणून ‘हाबेर’ (असणं) या क्रियापदाच्या जागी ‘आ वेर’ (बघू या) लिहून मोकळे!

मिश्र जोड्या लावून पाहिल्या. नवशिके गप्प बसतात, सगळी उत्तरं जोडीदारच देतो. सातजणांना वेगळं बसवून शुद्धलेखन आणि परिच्छेदलेखन दिलं. ते जमलं, पण तेवढा वेळ बाकीचे 17 वाऱ्यावर. सातजणांना वरच्या पातळीला पाठवावं, तर तिथली प्रवेशचाचणी सगळी व्याकरणाच्या संज्ञांवर, तिथे ते अडकतात. स्वतंत्र वर्गाइतकी पटसंख्या नाही आणि पाठ्यपुस्तक विभागानं ठरवलेलं.

खरं अडतंय तोंडी परीक्षेत. निकष एकच ठेवला तर सातजणांना काही न शिकता पैकीच्या पैकी. वेगळा ठेवला तर ‘आम्हालाच अवघड का?’ ही तक्रार, आणि ती रास्तच. दोन्ही गटांना चालेल अशी गुणांची विभागणी कुणी वापरली आहे का? त्यात अस्खलितपणाला किती गुण ठेवले होते?