पावणेतीनाचे सव्वातीन: डेक्कन क्वीन मंदावली कशामुळे?

घाटवाट (धागाकर्ता)

१ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला मुंबई–पुण्याला पावणेतीन तास लागत. आजची डेक्कन क्वीन (गाडी क्रमांक १२१२३) मुंबईहून १७.१० ला सुटते आणि २०.२५ ला पुण्यात पोचते. सव्वातीन तास. अंतर तेच, १९२ किलोमीटर, पण सरासरी ताशी ७० वरून ५९ वर. दरम्यान इंजिनांच्या पिढ्या बदलल्या, १,५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आलं, २०२२ मध्ये ताशी १६० साठी बनवलेले एलएचबी (जर्मन रचनेचे) डबे लागले.

'घाट आहे ना' हे उत्तर कृपया नको. कर्जत–लोणावळा हा २८ किलोमीटरचा १:३७ (३७ मीटरला एक मीटर) चढ १९३० मध्येही होताच. त्याला पाऊण तास द्या. उरलेल्या १६४ किलोमीटरला अडीच तास लागतात, म्हणजे ताशी ६५ च्या आसपास. तेही घाट वगळून! माझ्या मते ही मिनिटं वेळापत्रकातच मुरवलेली आहेत. वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकावर मोजायचा, म्हणून शेवटच्या टप्प्यात मोकळा वेळ ठेवायचा. वाटेत रखडली तरी कागदावर गाडी वेळेवर.

बँकर_कर्जत

असहमत. घाट तोच आहे, गाडी ती नाही. १९३० ची राणी सात डब्यांची, फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसरा वर्ग थेट १९५५ मध्ये जोडला. आज दुपटीहून जास्त डबे आहेत.

१:३७ वर दर टनामागे साधारण २७ किलो जोर नुसता चढासाठी लागतो. ७०० टनांची गाडी धरली तर १९ टन, वर १२० टनांच्या इंजिनाचे आणखी सव्वातीन, आणि वळणांचा अडथळा वेगळा. आताचं ताकदवान इंजिन कोरड्या रुळावर हे कसंबसं पेलेल. पण भर पावसात, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा हलवायची असेल, तर चाकं जागच्या जागी फिरतात, वाळू सोडली तरी.

म्हणून कर्जतला मागे बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लागतो. गाडी उभी करा, बँकर आणून जोडा, ब्रेक पाइपचा दाब मागपर्यंत पोचला का ते बघा, पुढच्या-मागच्या लोको पायलटचे इशारे जुळवा, मग हला. आणि बँकर नुसता ढकलायला नसतो. मध्येच कपलिंग तुटलं तर मागचे डबे घरंगळू नयेत हेही त्याचं काम. उतरताना तर मंकी हिल, ठाकूरवाडीला ब्रेक तपासायचे तांत्रिक थांबे असतात. ताबा सुटलेली गाडी आडमार्गावर चढवण्यासाठी कॅच सायडिंग आहेत, ती शोभेला नाहीत. यातलं एकही मिनिट कोणी 'मुरवलेलं' नाही.

घाटवाट

घाटातलं एक मिनिटही मी मागत नाहीये, ती पाऊण तासाची रक्कम आधीच बाजूला काढली. आणि बँकरच आड येत असेल तर फेब्रुवारी २०२३ पासूनची मुंबई–सोलापूर वंदे भारत बघा. मोटारी डब्याडब्यांत वाटलेल्या, बँकरची गरजच नाही. तरी पुण्याला सुमारे तीन तास. म्हणजे १९३० च्या राणीच्या मागेच!

फास्ट_लाइन

तुम्ही दोघं घाटात भांडताय आणि गाडी अडकलीय ठाण्याला.

सीएसएमटी–कल्याण ५४ किलोमीटर. मध्य रेल्वेच्या लोकल फेऱ्या दिवसाला १,८०० च्या घरात. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांच्या अंतराने लोकल धावतात. एक्स्प्रेसचं इंजिन कितीही तगडं असो, पुढच्या लोकलला ती ओलांडू शकत नाही. सिग्नल पिवळा, पिवळा, लाल, असंच जायचं. लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या काढायला कुर्ला–ठाणे पाचवी-सहावी मार्गिका आहे, ठाणे–दिवा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली, पण सीएसएमटी–कुर्ला हा तुकडा राहिला. म्हणजे राणी निघतानाच लोकलच्या रांगेत. पुढे कल्याण यार्डात कर्जत आणि कसाऱ्याकडच्या गाड्या एकमेकींच्या आडव्या येतात. शिवाय दिव्यासारखं फाटक: ते बंद होईपर्यंत सिग्नल लाल, आणि एखादी रिक्षा मध्ये अडकली की मागच्या चार गाड्यांचं वेळापत्रक गेलं.

१९३० चा वेळ हवा असेल तर संध्याकाळच्या दोन लोकल रद्द करा. डोंबिवलीकरांना कोण सांगणार ते आधी ठरवा.

हिशेबनीस

फास्ट_लाइनचं गणित बरोबर, पण त्यातून व्यवस्थापनाची सुटका होत नाही. पाचवी-सहावी इतकी वर्षं अर्धवट राहिली हा व्यवस्थापनाचाच प्रश्न. आणि हे एका गाडीपुरतं नाही. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात 'मिशन रफ्तार' आलं: पाच वर्षांत मालगाड्यांचा सरासरी वेग दुप्पट, प्रवासी गाड्यांचा ताशी २५ ने जास्त. कॅगने नंतर तपासलं तर २०१९-२० मध्ये मेल-एक्स्प्रेसचा सरासरी वेग ५०.६ आणि मालगाड्यांचा २३.६ होता. ४७८ सुपरफास्टपैकी १२३ गाड्यांचा वेळापत्रकातला वेगच ५५ च्या खाली, जी सुपरफास्टची किमान अट आहे. स्लीपरला ३० रुपये अधिभार मात्र चोख वसूल.

बँकर_कर्जत

त्यात थांब्यांचाही वाटा मोजा ना. ताशी १०० ने येणारी गाडी दोन मिनिटं थांबवली तरी ब्रेक आणि पुन्हा वेग घेणं धरून पाच-सहा मिनिटं जातात. कॉशन ऑर्डरचं (एखाद्या तुकड्यावर गाडी हळू न्यायच्या हुकुमाचं) तेच. एक किलोमीटरवर ताशी ३० ची मर्यादा लागली की तीन-चार मिनिटं गेली, कारण शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. ब्लॉक (कामासाठी रूळ बंद ठेवायचा वेळ) मिळाला नाही की दुरुस्ती लांबते, तोवर कॉशन ऑर्डर तशीच. रविवारचा मेगाब्लॉक घेतला तर ओरडणारे लोक तेच. थांबा मागणारे खासदारही आपलेच.

घाटवाट

थांबे, कॉशन, फाटक, सगळं मान्य. आता एवढंच सांगा: दादर ते सीएसएमटी नऊ किलोमीटर आहे. सकाळच्या १२१२४ ला (पुण्याहून येणाऱ्या राणीला) त्यासाठी वेळापत्रकात जी मिनिटं ठेवली आहेत ती लोकललाही लागत नाहीत. तिथे ना बँकर, ना फाटक.

फास्ट_लाइन

तिथे प्लॅटफॉर्म रिकामा नसतो. ती मिनिटं काढलीत तर राणी भायखळ्याला उभी राहील, आणि तिच्यामागे अंबरनाथ फास्ट.

घाटवाट

मग 'वेळेवर' म्हणून मिरवू नका, 'प्लॅटफॉर्म मिळाल्यावर' असं छापा.