पास्टरबद्दल थोडी भर

पोपांचा इतिहास लिहिणाऱ्या पास्टरबद्दल कोणीतरी म्हटलंय की चर्चचा माणूस चर्चचा इतिहास लिहिणार म्हणजे सगळी सारवासारवच असणार. शंका रास्त आहे, पण लुडविग फॉन पास्टरची केस जरा वेगळी आहे.

हा १८५४ चा, जर्मनीतल्या आखेनमधला. बाप प्रोटेस्टंट, आई कॅथलिक, आणि बाप गेल्यावर हा लहानपणीच कॅथलिक झाला. त्याच्या आधी रांके या जर्मन इतिहासकाराने पोपांवर लिहिलं होतं पण त्याला व्हॅटिकनचं दफ्तर कधी बघायलाच मिळालं नाही, बिचाऱ्याने व्हेनिसच्या राजदूतांचे रिपोर्ट वगैरे जमवून काम भागवलं. मग १८८१ मध्ये पोप तेराव्या लिओने ते दफ्तर संशोधकांना खुलं केलं आणि पास्टरची चांदी झाली. तरी गडी तेवढ्यावर थांबला नाही, इटलीतली मांटुआ, मोदेना, फ्लॉरेन्स अशी ठिकठिकाणची दफ्तरंही उपसली.

आता सारवासारवीचं. सहावा अलेक्झांडर, म्हणजे तो बोर्जिया पोप, त्याला धुतल्या तांदळासारखा ठरवायचे प्रयत्न तेव्हा काही कॅथलिक लेखक करत होते. पास्टरने ते साफ उडवून लावले, पोपच्या पोराबाळांचे कागद पुराव्यानिशी मांडले. बाकी त्याचा कल कॅथलिकच, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरवरची पानं वाचताना ते जाणवतंच.

ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य बुडाल्यावर नव्या ऑस्ट्रियाने यालाच व्हॅटिकनमध्ये राजदूत म्हणून ठेवला, १९२८ मध्ये मरेपर्यंत. त्याच्या पोपांच्या इतिहासाच्या सोळा खंडांमधले शेवटचे तर तो गेल्यावर छापून आले.