मदत हवी आहे: ऐनाचे ओंडके चिरायला चेनसॉ कोणता घेऊ?

वाडीकर
नमस्कार. ऐनाचे तीन ओंडके आहेत, आठ फुटी. माडीच्या तक्तपोशीला फळ्या काढायच्यात. चेनसॉ कोणता घ्यावा? ऑनलाइन ५८ सीसीचा स्वस्तात दिसतोय, पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती) २२ इंची. फळ्या पाडायची ती फ्रेमही वेगळी मिळते. चालेल का? पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा. "सॉ मिलला न्या" असं कृपया कोणी लिहू नका.

कातळसडा
सॉ मिलला का नाही न्यायचे? मिलमधल्या बँडसॉचं पातं दोन-तीन मिलिमीटर खातं, चेनसॉ प्रत्येक कापाला जवळजवळ एक सेंटिमीटर. तीन कापांत एक इंची फळी भुशात गेली. ऐनासारखं लाकूड असं उधळायचं?

निवृत्त_फिटर
आठ फुटी म्हणजे लांबी की घेर? लाकूड ओलं की वाळलेलं? आडवं पडलंय की अजून मुळावर आहे? एवढं कळल्याशिवाय सीसी कसा सांगणार?

वाडीकर
घेर हो! लांबी कोण सांगतं? लांबी दहा फूट. गेल्या मे महिन्यातल्या वादळात पडलाय, म्हणजे वर्ष झालं. आता तरी मॉडेल सांगा.

वखारीतला
आठ फूट घेर, दहा फूट लांबी. पाव घेर दोन फूट, त्याचा वर्ग चार, गुणिले दहा. चाळीस घनफूट एका ओंडक्यात. तिघांचे एकशेवीस. विकायचे असतील तर बोला.

कातळसडा
@वखारीतला, हा हिशोब तुमच्या सोयीचा. खरं गोल माप काढलं तर एक्कावन्नच्या आसपास येतं. उरलेले अकरा घनफूट कुठे जातात?

वखारीतला
सालीत, वाकात आणि तुमच्यासारख्यांशी वाद घालण्यात. पाव घेराची रीत आमच्या आजोबांच्याही आधीची आहे. चिरताना पाठी (कडेचे गोल, सालीकडचे तुकडे) निघतात त्या कोण धरणार?

तिरफळ
अरे मेल्यांनो, तो इकूक बसलो नाय हा. त्याका मशीन होया. वाडीकर, लाकूड खंय पडला हा ता आधी सांग.

निवृत्त_फिटर
आठ फूट घेर म्हणजे व्यास साडेतीस इंच. २२ इंची पट्टीवर फ्रेमचे दोन क्लँप बसले की कापायला जेमतेम सतरा-अठरा इंच उरतात. म्हणजे पट्टी पलीकडे पोचणारच नाही. सीसीची गोष्ट त्यानंतरची.

फांदी तोडताना मशीन दहा सेकंद बोंबलतं आणि दम खातं. फळी पाडताना ते पूर्ण रेसवर पंधरा-वीस मिनिटं सलग चालतं, तेही लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेनं चिरत. मी ५२ सीसीवर किंजळ चिरायला गेलो होतो. दुसऱ्या फळीच्या मध्यावर आवाज एकदम पातळ झाला, मग बंद. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली, तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, मांजरानं नखं मारल्यासारखे. तुमच्या मापाला नव्वदच्या पुढचंच हवं. स्टिलचं ६६१ आहे ९१.१ सीसीचं, हुस्कवर्नाचं ३९५ आहे ९३.६ चं. पट्टी ३६ इंची.

वाडीकर
किमती बघितल्या. त्यात माडी दुसऱ्यांदा बांधून होईल.

हापूसवाला_बागायतदार
मी बॅटरीवरचा लांब दांड्याचा चेनसॉ घेतलाय, आंब्याच्या छाटणीला एकदम झकास. धूर नाही, पेट्रोलची कटकट नाही, वजनाला हलका. नक्की विचार करा.

तिरफळ
@हापूसवाला, तेना ऐन चिरतलो काय फळी येवपर्यंत तुमचो मोहर येतलो.

चिपळूणचा_पण_पुण्यात
७२ सीसीवरही होतं. आमच्याकडे स्टिल ३८२ आहे (७२.२ सीसी), त्यावर आम्ही फणस चिरलाय, पाणी चिरल्यासारखा.

निवृत्त_फिटर
फणस आणि ऐन एका ओळीत लिहू नका हो. वर्षभर वाळलेला ऐन म्हणजे पहारीचं टोक परत पाठवणारं लाकूड.

आणि मशीनपेक्षा चेनकडे बघा. दुकानात मिळते ती आडवं तोडायची, दाताचा कोन तीस अंश. उभं चिरायला दहा अंशाची लागते. ती मिळाली नाही तर साधी चेन कानस मारून दहावर आणायची. ३/८ पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ५.२ मिलिमीटरची गोल कानस. दात अर्धगोल खांद्याचे घ्या. टोकदार दात पहिल्या फळीला छान चालतात, मग मातीचा एक कण लागला की संपले.

चिपळूणचा_पण_पुण्यात
सोपी खूण सांगतो. मोठे तुकडे पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की चेन बोथट.

निवृत्त_फिटर
आडवं तोडताना बरोबर. फळी पाडताना धारदार चेनसुद्धा बारीकच भुसा टाकते. भुशाकडे बघून कानस मारत बसलात तर संध्याकाळपर्यंत दात संपतील. मशीन स्वतःहून आत ओढतंय की तुम्हाला ढकलावं लागतंय, ते बघा.

कातळसडा
पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता?

निवृत्त_फिटर
लिटरला वीस मिली, कंपनीचं टू-स्ट्रोक. चिरताना हवेच्या मानानं पेट्रोल जरा जास्त जाऊ द्या, म्हणजे कार्बोरेटरचा हाय स्क्रू किंचित उघडा. फळी संपली की लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट आयडलवर राहू द्या.

चिपळूणचा_पण_पुण्यात
मी चाळीस मिली घालतो.

निवृत्त_फिटर
मग प्लग काळा होत असेल, जादाचा खिशातच ठेवत असाल.

नियमबोट
मूळ मुद्दा कोणी मांडलाच नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन आहे. झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी फॉरेस्टला कळवलंय का? पंचनामा?

वाडीकर
तलाठ्यानं गेल्याच वर्षी केलाय, फॉरेस्टवाले येऊन हातोड्याचा शिक्का मारून गेलेत. माझा प्रश्न चेनसॉचा आहे!!

तिरफळ
आणि माझो प्रश्न अजून तोच. लाकूड खंय आसा?

वाडीकर
वहाळाच्या पलीकडच्या अंगाला. गुहागर तालुका, शृंगारतळीपासून आत. मध्ये साकव आहे, त्यावरून दुचाकी कशीबशी जाते. ट्रॅक्टर येत नाही, जेसीबी तर सोडाच. म्हणून तर सॉ मिल नको म्हटलं. सगळ्यांना माहीतच असेल असं वाटलं.

कातळसडा
आम्हाला तुमचा वहाळ कसा माहीत असणार, साहेब?

वखारीतला
आता समजलं. दीड टनाचा ओंडका साकवावरून न्यायचा नाही, बरोबर. पण मशीन विकत घेऊ नका. तीन ओंडक्यांसाठी एवढे पैसे कशाला? आमच्या ओळखीत मोठं मशीन आणि फ्रेम घेऊन वाडीवाडीत फिरणारे आहेत, दिवसावर येतात. चेन आणि पेट्रोल तुमचं. पहिल्या कापाला सरळ आधार लागतो, म्हणून ओंडक्यावर अॅल्युमिनियमची शिडी स्क्रूनं बसवतात आणि फ्रेम तिच्यावरून ओढतात. पहिला काप सपाट आला की पुढच्या फळ्या त्यावरून. त्याआधी साल पूर्ण सोलून, पाणी मारून, ब्रशनं घासा. वादळात पडलेल्या झाडाच्या सालीत जांभ्याचे खडे रुतलेले असतात. आणि गडग्याकडेचं (दगडी कुंपणाजवळचं) झाड असेल तर तारेचे खिळे शोधा.

वाडीकर
गडग्याकडेचंच आहे. शोधतो.

(बारा दिवसांनी)

वाडीकर
सगळ्यांचे आभार. माणूस आला, ९० च्या पुढचं मशीन घेऊन. साल मी आणि चुलत्यांनी दोन दिवस कोयत्यानं सोलली. खिळे सात सापडले. आठवा चेनला सापडला. लाकडातून पिवळी ठिणगी उडाली, माणसानं लगेच मशीन उचललं. सव्वाबोट आत गेलेला खिळा, भोवती लाकूड निळं-काळं झालेलं. चेनचे अकरा दात गेले. शिवी मात्र त्यानं मला घातली, खिळ्याला नाही.

एका कापाला पाऊण तास, मध्ये दोनदा कानस. एका ओंडक्याच्या दीड इंची अकरा फळ्या निघाल्या, दोघांच्या खांद्यावर साकवावरून आणल्या. उरलेले दोन दिवाळीनंतर.

नवा प्रश्न: फळ्यांच्या टोकांना चिरा पडायला लागल्यात. काय लावू?

निवृत्त_फिटर
कापल्या कापल्या टोकांना जुना ऑइलपेंट फासायला हवा होता. आता तरी फासा. सावलीत, खाली फूटभर उंच ठोकळे, दोन फळ्यांमध्ये दोन-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक सरळ रेषेत. वर वजन. ऐन घाईत वाळवला की फाटतो.

हापूसवाला_बागायतदार
त्या बॅटरीवरच्या चेनसॉवर सध्या सूट चालू आहे.

वखारीतला
दीड इंच जाडी कशाला ठेवलीत? तक्तपोशीला एक इंच पुरली असती.

वाडीकर
चुलते म्हणाले.