बांधावर सापडलेला प्राणी साप की गांडूळ?

प्रश्न (पाटण, जि. सातारा): काल भाताच्या बांधावरचा ओला दगड उचलला, तेव्हा त्याखाली वीतभर लांबीचा, काळपट जांभळा आणि अंगभर वेढ्यांसारख्या रेघा असलेला एक प्राणी दिसला. गांडूळ समजून हातात घेतला, तर त्याने तोंड उघडले आणि आत बारीक दात दिसले. वडील सापाचे पिल्लू समजून मारायला निघाले होते, मी त्यांना थांबवले. हा नेमका कोणता प्राणी असावा?

उत्तर १: आपल्या वर्णनावरून हे देवगांडूळ आहे. दिसायला गांडुळासारखे असले तरी त्याला पाठीचा कणा असतो आणि ते बेडकांप्रमाणेच उभयचर वर्गात मोडते. मातीत राहिल्याने त्याची दृष्टी अगदी अधू असते. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या इवल्याशा स्पर्शिकेने ते भक्ष्याचा माग काढते. वडिलांना जरूर सांगा, माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

उत्तर २ (सांगली): त्याच्या आफ्रिकेतील भाऊबंदांची हकिगत मला फार विलक्षण वाटते. केनियातील तैता टेकड्यांवरच्या जातीत पिल्ले झाल्यावर आईची कातडी जाड आणि स्निग्ध होते, आणि पिल्ले तीच दातांनी खरवडून खातात. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील एका जातीची मादी तर पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते, असे २०२४ च्या संशोधनात दिसून आले. सस्तन नसलेल्या, अंडी घालणाऱ्या प्राण्याने असे संगोपन करावे!

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. त्याला त्याच ओलीत सोडले आणि दगड पूर्ववत ठेवला. त्या बांधावर यंदा तणनाशक मारायचे नाही, हे वडिलांनीच ठरवले.